रायफल कुणी घडवली?

एखादी जुनी वस्तू समोर आली की आपण आधी विचारतो, किती जुनी असेल? मग विचारतो, काय किंमत येईल? ती कुणी केली, हा प्रश्न सहसा शेवटी येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे, तिच्या बाबतीत मात्र सगळं उलटं आहे. ती कुणी केली हे कळलं, तर तिचं वय कळतं आणि किंमतही त्यावरच ठरते. ही वस्तू म्हणजे अमेरिकेतली जुनी, लांब नळीची रायफल. तिकडे तिला लाँगरायफल म्हणतात.

शस्त्रांचा मला शौक नाही. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस. पण पेनसिल्व्हेनियात मुलीकडे गेलो असताना लँकेस्टर भागातल्या एका संग्रहालयात या रायफली पाहिल्या. काम सुरेख होतंच, पण मला जास्त खटकला तो शेजारच्या कार्डांवरचा एक शब्द. बहुतेक कार्डांवर कारागिराचं नाव होतं आणि नावाआधी, मराठीत सांगायचं तर, ‘अमक्याची असावी’ अशा अर्थाचा शब्द होता. असावी म्हणजे काय? कुणी ठरवलं? कशावरून ठरवलं? घरी येऊन मी त्या ‘असावी’च्या मागे लागलो. आज सांगतोय ते त्याबद्दल.

आधी वस्तू समजून घेऊ. अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून पुष्कळ कुटुंबं पेनसिल्व्हेनियात येऊन वसली. त्यांच्यात बंदुका घडवणारे लोक होते. त्यांना माहीत होती ती तिकडच्या शिकाऱ्यांची ‘येगर’ रायफल. आखूड, जाड नळीची, वजनदार आणि मोठी गोळी मारणारी. तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती गरगरत जाते आणि नेम दूरवर टिकतो. या खाचा पाडण्याच्या इंग्रजी शब्दावरूनच रायफल हे नाव आलं. पेनसिल्व्हेनियात दोन पिढ्यांमध्ये हिचं रूप पालटलं. नळी लांबत लांबत ४२ ते ४६ इंचांवर गेली. नळीचं भोक लहान झालं, अर्ध्या इंचाच्या आसपास किंवा त्याहून थोडं कमी. गोळी लहान म्हणजे शिसं कमी, दारू कमी. रानात महिनोन्‌महिने फिरणाऱ्याला हे परवडणारं होतं. दस्ता मेपलच्या लाकडाचा, ज्यात वाघाच्या पट्ट्यांसारख्या आडव्या लाटा दिसतात. ही ठासणीची बंदूक. गोळी तेलकट कापडाच्या तुकड्यात गुंडाळून नळीच्या तोंडातून गजानं ठासायची. ते कापडाचे तुकडे ठेवायला दस्त्याच्या उजव्या अंगाला एक कप्पा कोरलेला असे. त्याचं झाकण आधी लाकडाचं, सरकतं असायचं, पुढे पितळेचं, बिजागरीचं झालं. हे पितळी झाकण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही रायफल लोकांच्या तोंडी आली ती मात्र ‘केंटकी रायफल’ या नावानं. १८१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत इंग्रजांचा पराभव झाला, त्या विजयावर केंटकीच्या शिकाऱ्यांचं कौतुक करणारं एक गाणं निघालं, ते गाजलं आणि रायफलीला केंटकीचं नाव चिकटलं. वापरणाऱ्याचं गाव नावात आलं आणि घडवणाऱ्याचं गाव गळालं. घडवणाऱ्यांवरचा हा अन्याय असा अगदी नावापासून सुरू होतो.

आता मूळ प्रश्न. सोप्यात सोपा मार्ग म्हणजे बंदुकीवरचं नाव वाचणं. इथेच बहुतेक लोक फसतात.

बंदुकीचा सगळ्यात गुंतागुंतीचा भाग म्हणजे तिचं लॉक, म्हणजे घोडा, कमान आणि चकमकीचा सगळा यांत्रिक जुडगा. हे लॉक खेड्यातला कारागीर स्वतः करत बसत नसे. इंग्लंड-जर्मनीतून आलेली तयार लॉकं पेटीनं मिळत. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात घडलेल्या कितीतरी रायफलींच्या लॉकवर ‘केटलंड’ हे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या व्यापारी घराण्याचं नाव असतं. पुढच्या काळातल्या रायफलींवर ‘गोल्चर’ हे नाव इतक्या वेळा येतं, की एकाच माणसानं हजारो रायफली केल्या असं वाटावं. ज्यांच्या घरात अशी बंदूक असते ते मोठ्या अभिमानानं सांगतात, आमची बंदूक गोल्चरची. खरं म्हणजे तिचं लॉक तेवढं गोल्चरचं. सायकलच्या घंटीवरचं नाव वाचून सायकल कुणाची ते ठरवण्यासारखं आहे हे.

नळीचंही तसंच. लोखंडाची जाड पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळायची, ठोकून सांधायची, मग आतून भोक साफ करायचं आणि बाहेरून आठ पैलू पाडायचे. हे कष्टाचं, घाम काढणारं काम. ओढ्याकाठी पाणचक्कीवर चालणारे नळ्यांचे वेगळे कारखाने निघाले होते, तिथून नळ्या विकत मिळत. त्या कारखानदाराचा ठसा नळीच्या खालच्या अंगाला, लाकडात झाकलेला सापडतो. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी असेल तर तिच्यावरचं नाव बहुधा मालकाचं. म्हणजे एकाच बंदुकीवर तीन नावं असू शकतात आणि तिन्हींपैकी एकही ती घडवणाऱ्याचं नसतं.

घडवणाऱ्यानं सही केलीच तर ती नळीच्या वरच्या सपाट पैलूवर. पण सही करायची चाल सर्रास नव्हती. युरोपातल्या मोठ्या शहरांत कारागिरांच्या पेढ्यांचे नियम होते, तपासणीचे शिक्के होते. इथे तसलं काही नव्हतं. गिऱ्हाईक पाच-दहा मैलांतलं, तो कारागिराला ओळखत होता, कदाचित रविवारी त्याच्याच शेजारी चर्चमध्ये बसत होता. सही कुणासाठी करायची? अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर सह्या वाढल्या, तरी बिनसहीच्या रायफली ढिगानं आहेत.

सही असली तरी सगळं सुटत नाही. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट हा त्या काळचा नामांकित कारागीर. १७४० मध्ये जर्मनीत जन्मला, १८२२ मध्ये लँकेस्टरला वारला. त्याच्या रायफलींवर ‘जे. डिकर्ट’ अशी सही असते. पण त्याच्याकडे हाताखाली माणसं होती, पुढे जावयाबरोबर भागीदारी होती, १७९२ मध्ये लँकेस्टरच्या इतर कारागिरांबरोबर त्यानं सरकारी फौजेच्या रायफलींचं कंत्राटही घेतलं. एवढ्या सगळ्या बंदुकांना त्याचाच हात लागला असेल हे शक्य नाही. ती सही कारखान्याची. दस्ता तासणारा शिकाऊ पोरगा कोण होता, ते नळीवर कुठेच लिहिलेलं नाही.

मग बिनसहीची रायफल ओळखायची कशी? हातावरून. टूलरूममधल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. कानस मारलेला पृष्ठभाग बघून हे काम कुणाचं, ते आम्ही सांगायचो. सरकारी शिक्का नाही, सही नाही, पण प्रत्येकाचा हात वेगळा. पटाशी लावायची सवय वेगळी, कोपरा वळवायची पद्धत वेगळी.

अभ्यासक नेमकं हेच बघतात. पितळी झाकणाच्या टोकाला काय आकार आहे? लँकेस्टरकडे डेझीच्या फुलाचा आकार आवडीचा होता. दस्त्याची पाठ सरळ उतरते की गरुडाच्या चोचीसारखी वळते? लीहाय खोऱ्यातल्या रायफली या वळणावरून लांबूनच ओळखू येतात. बेडफर्ड परगण्यातल्या रायफली सडसडीत, लॉकची पट्टी अरुंद आणि घोडा उंच. डाव्या अंगाला, नेम धरताना गाल टेकतो त्याच्या मागे, पानाफुलांचं उठावाचं कोरीवकाम असतं. तिथली वेल कुठून फुटते, किती वळसे घेते, टोक कसं संपवते? आणि शेवटी लॉक काढून आतली पोकळी बघायची. तिथे कुणी बघणार नाही म्हणून कारागीर मोकळ्या हातानं काम करतो. नक्कल करणारा बाहेरच्या वेलीची हुबेहूब नक्कल करील, पण आतल्या पटाशीच्या खुणांपर्यंत तो सहसा पोचत नाही.

या अभ्यासाचा पाया घातला तो हौशी लोकांनी आणि जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी. कॅप्टन जॉन डिलिन यांचं पुस्तक १९२४ मध्ये आलं. १९६० मध्ये यॉर्कचे व्यापारी जो किंडिग यांनी शेकडो रायफलींची छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवून, गावांप्रमाणे आणि कारागिरांप्रमाणे त्यांची विभागणी केली. जॉर्ज शमवे यांचे दोन खंड १९८० चे. किंडिग यांचं काम मोठंच आहे. त्यांच्याआधी हे सगळं डोळ्यासमोर एकत्र आलंच नव्हतं.

पण मला ज्या ठिकाणी अडखळायला झालं, ते ठिकाणही किंडिग यांच्याच पुस्तकातलं. रीडिंग गावाच्या जुन्या कागदांत वोल्फगांग हागा नावाचा बंदूक करणारा सापडतो. दुसऱ्या बाजूला रीडिंगच्या वळणाच्या, एकाच हाताच्या वाटाव्यात अशा काही देखण्या बिनसहीच्या रायफली आहेत. किंडिग यांनी या दोन गोष्टी जोडल्या आणि त्या रायफली हागाच्या ठरवल्या. हागाची सही असलेली निर्विवाद रायफल मात्र पुढे आलेली नाही. म्हणजे तुलना करायची ती कशाशी? एकीकडे बंदुका आहेत, त्यांना नाव नाही. एकीकडे नाव आहे, त्याला बंदुका नाहीत. दोघांचं लग्न लावलं ते जवळपास राहतात एवढ्यावर. पुढच्या अभ्यासकांनी यावर शंका घेतल्या, पण ‘हागाची रायफल’ हा शब्द रूढ झाला तो झालाच. एकदा नाव पडलं की त्यावर दुसरं नाव बसवायला फार ताकद लागते. पुढची बिनसहीची रायफल आली की ती ‘हागाच्या’ रायफलीशी ताडून बघतात, जमली की तीही हागाची. आधीच्या ‘असावी’वर नवी ‘असावी’ चढते.

एखादं नाव किती घट्ट बसतं याचं दुसरं उदाहरण मार्टिन मायलिनचं. हा स्वित्झर्लंडकडून आलेल्या मेनोनाइट पंथाचा माणूस. लँकेस्टरजवळ त्याची म्हणून दाखवली जाणारी दगडी लोहारशाळा अजून उभी आहे. पेनसिल्व्हेनियातली पहिली रायफल यानंच केली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. जवळच्या शाळेलाही त्याचं नाव आहे. २००५ मध्ये मिलर्सव्हिल विद्यापीठानं त्या जागेचं उत्खनन केलं. बाराशेवर वस्तू निघाल्या. बिजागऱ्या, घोड्यांचे नाल असल्या लोहारकामाचा भरपूर पुरावा मिळाला. बंदुका तिथे घडत होत्या असं ठामपणे सांगणारं काही मिळालं नाही. यावरून मायलिननं बंदुका केल्याच नाहीत असं सिद्ध होत नाही, हेही खरं. पण ‘पहिली’ हा शब्द ज्या पायावर उभा होता तो पाया किती ठिसूळ आहे, ते दिसलं. शाळेचं नाव अर्थातच बदललं नाही, बदलायचं कारणही नाही.

मग भरवसा ठेवायचा कशावर? कागदावर, आणि कागद व बंदूक दोन्ही जुळतील तिथे. करवसुलीच्या याद्यांत नावापुढे धंदा लिहिलेला असतो. माणूस मेला की घरातल्या वस्तूंची यादी होई. त्या यादीत नळीत खाचा पाडायचं लाकडी यंत्र, भोक पाडायची अवजारं, अर्धवट दस्ते असले, तर हा माणूस खरोखर बंदुका करत होता हे कळतं. वर्तमानपत्रांत पळून गेलेल्या शिकाऊ मुलांच्या जाहिराती येत. उत्तर कॅरोलिनात विन्स्टन-सेलम इथे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिणेकडच्या जुन्या कारागिरीच्या संग्रहालयानं असे कागद वर्षानुवर्षं वाचून हजारो कारागिरांची नोंदवही तयार केली आहे. कंटाळवाणं काम आहे. जर्मन गॉथिक अक्षरं वाचायची, त्यात इंग्रज कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं नाव ओळखायचं. आल्ब्रेख्टचा ऑलब्राइट होतो, डिकर्टचा डेकर्ड होतो. एक माणूस दोन होतात, कधी बाप-लेक मिळून एक होतात.

आणि काही माणसं कागदातही नावानं येत नाहीत. व्हर्जिनियात फालमथजवळ रॅपहॅनक फोर्ज हा शस्त्रांचा कारखाना स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात चालत होता. तिथे गुलाम कामगार होते. तिथल्या शस्त्रांवर कारखान्याचा ठसा आहे, मालक जेम्स हंटर हे नाव इतिहासात आहे. भात्यापाशी आणि ऐरणीपाशी उभ्या असलेल्यांपैकी किती जणांची नावं कधी कळतील, ते कुठलीही पितळी पट्टी सांगू शकणार नाही.

कागद आणि बंदूक दोन्ही जुळल्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण नाझरेथ गावाजवळच्या ख्रिश्चन्स स्प्रिंग या छोट्या वस्तीचं. ही मोराव्हियन पंथाची वस्ती. या लोकांना लिहून ठेवायची भारी सवय. वस्तीची रोजनिशी असे आणि प्रत्येक सभासदाचं आयुष्यवृत्त लिहून ठेवलं जाई, ते त्याच्या अंत्यविधीच्या वेळी वाचायचं. बेथलेहेमच्या अभिलेखागारात हे सगळं जपलेलं आहे. त्यामुळे अँड्रियास आल्ब्रेख्ट या कारागिराचं आयुष्य आपल्याला जवळजवळ सलग दिसतं. १७१८ मध्ये जर्मनीत झेला गावी जन्म. हे गाव बंदुकांसाठी प्रसिद्ध असलेल्या सूलच्या शेजारचं. १७५० मध्ये तो अमेरिकेत आला, ख्रिश्चन्स स्प्रिंगच्या बंदूकशाळेचा प्रमुख झाला. १७६६ मध्ये पंथानं त्याला बेथलेहेमच्या ‘सन इन’ या धर्मशाळावजा खानावळीचा कारभार पाहायला पाठवलं. बंदुकीचा उस्ताद पाहुण्यांच्या जेवणाखाण्याचं बघतोय! काही वर्षांनी तो लिटिट्झ गावी जाऊन पुन्हा आपल्या धंद्याला लागला, तिथेच १८०२ मध्ये वारला. हे कागद नसते, तर मधली वर्षं त्यानं कुठे आणि कशा रायफली केल्या यावर लोकांनी तर्काचे इमले बांधले असते.

आल्ब्रेख्ट खानावळीत गेल्यावर बंदूकशाळा त्याचा शागीर्द ख्रिश्चन ओएर्टर याच्याकडे आली. जन्म १७४७ चा, म्हणजे पोरगा विशीच्या आतला. १७७७ मध्ये तो वारलासुद्धा. उणीपुरी तीस वर्षांची उमर. पण या मुलाला एक चांगली खोड होती. तो रायफलीवर नाव घालत असे आणि सालही घालत असे. त्यामुळे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं त्या १७७५ सालच्या, निश्चित कुणी केल्या ते माहीत असलेल्या अगदी मोजक्या रायफलींमध्ये त्याच्या रायफली येतात. त्याच सालची त्याची एक रायफल ब्रिटनच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे.

दुसरीची गोष्ट अशी. ती व्हॅली फोर्जच्या संग्रहालयात प्रदर्शनाला ठेवलेली होती. १९७१ च्या ऑक्टोबरात ती चोरीला गेली. सत्तेचाळीस वर्षं पत्ता नाही. २०१८ मध्ये जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यानं खेड्यातल्या एका विक्रीत एक रायफल घेतली. त्याला वाटलं, जुन्या रायफलीची चांगली नक्कल आहे. घरी नीट बघितल्यावर त्याला संशय आला, जुनी छापील छायाचित्रं काढून ताडून पाहिली, आणि मग त्यानं वकिलामार्फत ती अधिकाऱ्यांच्या हवाली केली. २०१९ मध्ये ती मूळ मालक असलेल्या संस्थेकडे परत गेली आणि फिलाडेल्फियाच्या अमेरिकन क्रांती संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवली गेली. चोरानंही गुन्हा कबूल केला. तोपर्यंत तो सत्तरी ओलांडलेला म्हातारा झाला होता.

या व्यापाऱ्याचं मला कौतुक वाटतं, कारण या धंद्यात उलट दिशेनं जाणं फार सोपं आहे. नाव लागलं की किंमत कितीतरी पट होते. त्यामुळे बिनसहीच्या नळीवर नंतर कुणीतरी सही कोरतो. १८२० नंतर चकमक जाऊन टोपीवर चालणारी लॉकं आली, तेव्हा पुष्कळ जुन्या रायफली बदलून घेतल्या गेल्या. पुढे संग्राहकांना चकमकच हवी म्हणून त्या पुन्हा चकमकीच्या केल्या गेल्या. तुटका दस्ता जोडला, पितळी झाकण नवं बसवलं, वेल पुन्हा खोल कोरली. दुरुस्ती कुठे संपते आणि लबाडी कुठे सुरू होते, ते सांगणं कठीण. माझं मत विचाराल तर, केलेली दुरुस्ती लिहून ठेवली तर ती दुरुस्ती, लपवली तर लबाडी. पण हे मत टूलरूमवाल्याचं आहे, लिलाववाल्याचं नव्हे.

तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं-नातवंडं आता तिकडे आहेत. पेनसिल्व्हेनियात जाणं झालं तर फिलाडेल्फियाचं ते संग्रहालय बघाच. नाझरेथजवळ जेकब्सबर्गला या रायफलींचं स्वतंत्र संग्रहालयही आहे. तिथे गेलात की लॉकवरचं नाव वाचत बसू नका. उलट्या बाजूनं जा, डाव्या अंगाची गालाजवळची वेल बघा. मग कार्ड वाचा. ‘असावी’ हा शब्द आहे का ते बघा, आणि तिथला कुणी जाणकार मोकळा असेल तर त्याला विचारा, कशावरून? या प्रश्नानं तिथली मंडळी रागावत नाहीत. मला एकानं कुलुपाची काच उघडून, हातमोजे घालून, झाकणाखालची पटाशीची खूण दाखवली आणि मग सरळ सांगितलं, कुणाची ते आम्हाला माहीत नाही.